विश्लेषण : संमेलनाध्यक्ष ठरवते कोण? हजार मतदारांपासून एका बैठकीपर्यंत

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा आकडा ९९ वर आला आहे. साताऱ्याच्या ९९ व्या संमेलनासाठी कादंबरीकार विश्वास पाटील यांची अध्यक्षपदी निवड झाली, आणि आता पुढचे संमेलन शंभरावे. अध्यक्षाचे नाव जाहीर झाले की नेहमीप्रमाणे दोन गट पडतील. एक म्हणेल, योग्य माणूस. दुसरा विचारेल, अमुक का नाही? हे नाव नेमके कसे ठरले, कोणी सुचवले, स्पर्धेत आणखी कोण होते आणि ते का मागे पडले, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. विचारला तरी त्याचे उत्तर कोणत्याही कागदावर सापडत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख आहे. संमेलनाचा अध्यक्ष हा या सगळ्यांचा प्रतिनिधी आहे, असे व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते. संमेलनाला राज्य सरकारचे अनुदान मिळते. ते पूर्वी ५० लाख रुपये होते, वर्ध्याच्या संमेलनापासून २ कोटी झाले. पैसा सार्वजनिक, मानही सार्वजनिक. निवड तेवढी खासगी.

आधी कशी होत होती निवड?

२०१८ पर्यंत अध्यक्षपदासाठी निवडणूक होत असे. ती सर्वांसाठी खुली कधीच नव्हती. मतदार हजार-अकराशेच्या घरात. महाराष्ट्र साहित्य परिषद (पुणे), विदर्भ साहित्य संघ (नागपूर), मुंबई मराठी साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद या चार घटक संस्थांचे प्रत्येकी १७५ मतदार. त्याखेरीज गोवा, बडोदा, भोपाळ, हैदराबाद अशा महाराष्ट्राबाहेरच्या संलग्न संस्थांचे प्रत्येकी ५०, निमंत्रक संस्थेचे काही आणि माजी संमेलनाध्यक्ष. मतपत्रिका टपालाने घरी जायची आणि टपालानेच परत यायची.

यातले गणित सोपे आहे. चार घटक संस्थांचे मिळून ७०० मतदार, म्हणजे एकूण मतांचे जवळपास दोन तृतीयांश. दोन संस्था एका उमेदवारामागे उभ्या राहिल्या की ३५०. त्यात दोन संलग्न संस्था मिळवल्या की ४५०. तिरंगी लढतीत ४५० मते म्हणजे गुलाल जवळपास हातात. त्यामुळे उमेदवाराला वाचकांपर्यंत जाण्याची गरजच नव्हती, संस्थांच्या कार्यकारिणीपर्यंत गेले की पुरे. ज्यांना हे जमत नव्हते किंवा करायचे नव्हते, ते अर्जच भरत नसत. मतपत्रिका गठ्ठ्याने गोळा केल्या जातात, अमुक शहरातल्या मतदारांच्या कोऱ्या पत्रिका अमुक माणसाकडे जमा होतात, असे आरोप बहुतेक प्रत्येक निवडणुकीत झाले. ते सिद्ध करणे अवघड होते, कारण टपाली मतदानात पाकीट कोणी भरले याचा पुरावा पाकिटात नसतो.

मतदार कोण असावा, हे संस्थाच ठरवत. मतदार होण्यासाठी किती पुस्तके वाचलेली असावीत, याचा नियम कोणीच करू शकत नाही, ते मान्य. पण मतदाराला निदान उमेदवारांची पुस्तके मिळावीत, एवढी तरी सोय असायला हरकत नव्हती. मिळायची ती परिचयपत्रके आणि फोन.

त्यातून निघाले काय?

या पद्धतीचे सगळ्यात जास्त सांगितले जाणारे उदाहरण १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाचे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इंदिरा संत उभ्या होत्या. १९८४ साली ‘गर्भरेशीम’साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला होता, आणि मराठी कवितेत त्यांचे स्थान काय हे सांगायला कोणा समीक्षकाची गरज नव्हती. निवडून आले रमेश मंत्री. मंत्री विनोदी लेखक म्हणून लोकप्रिय होते, त्यांच्या पुस्तकांची यादी लांबलचक आहे, आणि निवडणूक लढवणे हा काही गुन्हा नव्हे. तरीही तीन दशकांनंतर आज मराठी वाचकाला दोन नावे विचारली तर कोणते आधी आठवेल, हे वेगळे सांगायला नको.

ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत आजवर चौघांना मिळाला : वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे. यांपैकी खांडेकर (सोलापूर, १९४१) आणि कुसुमाग्रज (मडगाव, १९६४) संमेलनाध्यक्ष झाले. करंदीकर आणि नेमाडे झाले नाहीत. म्हणजे चारांपैकी दोन, आणि त्या दोन्ही निवडी १९६४ पर्यंतच्या. विजय तेंडुलकर, जी. ए. कुलकर्णी, अरुण कोलटकर, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, महेश एलकुंचवार हेही त्या यादीत नाहीत. यातल्या काहींना पदच नको होते. नेमाड्यांनी तर संमेलन या प्रकाराचीच टर उडवली आहे. पण ज्या पदाला भाषेतले इतके मोठे लेखक पाठ फिरवतात, त्या पदाच्या निवडपद्धतीत काही खोट आहे का, हे तपासायला नको?

खरे तर पाठ फिरवण्याची परंपरा संमेलनाइतकीच जुनी आहे. १८७८ साली न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या ग्रंथांत आणि सभांत नाही, त्यांच्यात मिसळून आमच्या लोकांचे काय भले होणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर दलित लेखकाला अध्यक्षपद मिळायला १९८४ उजाडले. शंकरराव खरात यांना ते मिळाले, जळगावच्या संमेलनात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : ते जळगाव खान्देशातले. आमचे जळगाव जामोद नव्हे. कुरिअरवालेही हीच चूक करतात.)

स्त्रियांचा हिशेब असाच आहे. पहिल्या ९१ संमेलनांत अध्यक्ष झालेल्या स्त्रिया चार : कुसुमावती देशपांडे (ग्वाल्हेर, १९६१), दुर्गा भागवत (कराड, १९७५), शांता शेळके (आळंदी, १९९६) आणि विजया राजाध्यक्ष (इंदूर, २००१). २००१ नंतर निवडणुकीच्या पद्धतीने एकही स्त्री अध्यक्ष झाली नाही. त्या काळात उभ्या राहिलेल्या, राहू शकणाऱ्या, लायक लेखिका नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही.

आणि आपला जिल्हा? मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते १९६७ साली भोपाळच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. महानुभाव साहित्याचा एवढा मोठा अभ्यासक आपल्या मातीतला, हे इथल्या शाळांत किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मेहकरला वकिली करत आयुष्य काढलेले कवी ना. घ. देशपांडे मात्र त्या खुर्चीपर्यंत कधी पोहोचले नाहीत. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजात घराघरांत गेली, १९८६ साली ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २००० साली ते गेले. पुण्या-मुंबईच्या संस्थांच्या कार्यकारिणीत उठबस नसलेल्या, मेहकरसारख्या गावातून न हललेल्या कवीला १,००० मतदारांकडे जाऊन मते मागता येतील, अशी ती व्यवस्थाच नव्हती. शेजारच्या अकोल्याचे विठ्ठल वाघ यांनी निवडणूक लढवून पाहिली. पिंपरी-चिंचवडच्या ८९ व्या संमेलनासाठी श्रीपाल सबनीस निवडून आले, वाघ पराभूत झाले.

मग काय बदलले?

२०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने घटना बदलली आणि निवडणूक बंद केली. तेव्हा महामंडळाचे कार्यालय नागपूरला, विदर्भ साहित्य संघाकडे होते. (दर तीन वर्षांनी ते चार घटक संस्थांमध्ये फिरते.) आता घटक संस्था, संलग्न संस्था आणि निमंत्रक संस्था नावे सुचवतात, महामंडळाच्या बैठकीत त्यावर चर्चा होते आणि सन्मानाने एक नाव जाहीर केले जाते. लेखकाला अर्ज भरावा लागत नाही, मते मागावी लागत नाहीत.

याचा फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. नव्या पद्धतीतली आठ नावे पाहा : अरुणा ढेरे (यवतमाळ), फादर फ्रान्सिस दिब्रिटो (उस्मानाबाद), जयंत नारळीकर (नाशिक), भारत सासणे (उदगीर), नरेंद्र चपळगावकर (वर्धा), रवींद्र शोभणे (अमळनेर), तारा भवाळकर (दिल्ली) आणि विश्वास पाटील (सातारा). आठांत दोन स्त्रिया. एक ख्रिस्ती धर्मगुरू, एक खगोलशास्त्रज्ञ, एक माजी न्यायमूर्ती. जुन्या पद्धतीत नारळीकर कोणाच्या दारात मत मागायला गेले असते, अशी कल्पनाही करवत नाही.

यातली दोन नावे विशेष लक्ष देण्यासारखी आहेत. भारत सासणे घुमानच्या संमेलनासाठी निवडणुकीला उभे होते, सदानंद मोरे यांच्याकडून हरले. रवींद्र शोभणे बडोद्याच्या संमेलनासाठी उभे होते, लक्ष्मीकांत देशमुख यांच्याकडून हरले. पुढे बैठकीने त्या दोघांनाही अध्यक्ष केले. लेखक तेच, आधी लिहिलेली पुस्तकेही तीच, निर्णय उलटा. इंजिनीअरिंगमध्ये शिकवतात की एकाच वस्तूची दोन उपकरणांनी मोजणी करून दोन वेगळे आकडे आले, तर वस्तूकडे बघण्याआधी उपकरणे तपासा. इथे पहिले उपकरण बिघडलेले होते, असे म्हणायला भरपूर आधार आहे. दुसरे बरोबर आहे का, हे मात्र सांगता येत नाही, कारण ते उघडून कोणाला दाखवलेलेच नाही.

नव्या पद्धतीत अडचण काय?

पहिली अडचण, बैठकीत काय झाले ते कळत नाही. कोणत्या संस्थेने कोणती नावे सुचवली, चर्चा कोणत्या दोन-तीन नावांवर येऊन थांबली, एखाद्या नावाला विरोध का झाला, यातले काही अधिकृतपणे प्रसिद्ध होत नाही. बातम्यांत येते ते सूत्रांच्या हवाल्याने. बहुतेक वेळा निवड एकमताने झाल्याचे सांगितले जाते. एवढ्या मोठ्या, इतक्या वादविवादप्रिय भाषेत लेखकांच्या प्रतिनिधींचे दरवर्षी एकमत होते, हे ऐकायला छान वाटते आणि पटत मात्र नाही.

दुसरी अडचण वयाची. नारळीकर निवडले गेले तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि प्रकृतीमुळे नाशिकच्या व्यासपीठावर येऊ शकले नाहीत. चपळगावकर अध्यक्ष झाले तेव्हा ८४ वर्षांचे होते, भवाळकर ८५ च्या. तिघांच्याही योग्यतेबद्दल प्रश्न नाही. पण अध्यक्षाने वर्षभर राज्यभर फिरावे, शाळांत जावे, भाषेच्या प्रश्नांवर सरकारशी बोलावे अशी अपेक्षा असेल, तर हे पद जीवनगौरव आहे की काम, हे आधी ठरवायला हवे. तारा भवाळकरांनी लोकसाहित्यावरचे काम कित्येक दशकांपूर्वी केले. त्यांचे नाव आधीच्या वर्षांत कधी चर्चेला आले होते का? आले असेल तर मागे का पडले? याची नोंद असती तर दुसऱ्या एखाद्या भवाळकरांना ८५ पर्यंत थांबावे लागले नसते.

तिसरी अडचण दबावाची, आणि ती दोन्ही पद्धतींत आहे. २००९ मध्ये महाबळेश्वरच्या संमेलनासाठी आनंद यादव रीतसर निवडून आले होते. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वाद पेटला, त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. दिब्रिटोंच्या निवडीनंतर ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, पण ती निवड टिकली. यवतमाळला तर अध्यक्षावरून नव्हे, उद्घाटकावरून गोंधळ झाला. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, महामंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला, आणि नव्या पद्धतीने निवडल्या गेलेल्या पहिल्याच अध्यक्ष अरुणा ढेरे यांना आपल्या भाषणात या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त करावी लागली. निवड कशी झाली याची कारणे कागदावर असली की ती टिकवून धरायला निदान काही हाताशी असते. नुसते ‘एकमताने’ या शब्दावर उभी असलेली निवड पहिल्या धक्क्याला डळमळते.

इतरत्र कसे करतात?

अमेरिकेत बेसबॉल या खेळाचे ‘हॉल ऑफ फेम’ आहे, न्यू यॉर्क राज्यातल्या कूपर्सटाऊन गावात. तिथे खेळाडूंची निवड क्रीडा पत्रकार करतात. साधारण ४०० मतदार. किमान १० वर्षे पत्रकार संघटनेचे सदस्य असलेल्यांनाच मत. खेळाडू निवृत्त होऊन ५ वर्षे झाल्यावर त्याचे नाव यादीत येते, एका मतदाराला जास्तीत जास्त १० नावे निवडता येतात, आणि ७५ टक्के मते मिळाली तरच प्रवेश. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी पुन्हा. असे १० वर्षांपर्यंत. मात्र ५ टक्क्यांच्या खाली गेले की नाव कायमचे बाद.

ही पद्धतही सदोष आहे, आणि तिथले लोक दरवर्षी तिच्यावर तुटून पडतात. ७६२ होमरन मारून विक्रम करणारा बॅरी बाँड्स २०२२ साली दहाव्या आणि शेवटच्या प्रयत्नात ६६ टक्क्यांवर अडकला, कारण उत्तेजक द्रव्यांचा संशय. नियमांत ‘चारित्र्य’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येक मतदाराने आपापला लावायचा. लू व्हिटेकर नावाचा चांगला खेळाडू २००१ मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्के मते मिळून बाद झाला. २०२५ मध्ये इचिरो सुझुकीला ३९४ पैकी ३९३ मते मिळाली. ते एक मत न देणारा कोण, हे आजही गुपित आहे, कारण सगळ्या मतपत्रिका उघड कराव्यात हा पत्रकार संघटनेचाच ठराव हॉल ऑफ फेमच्या मंडळाने मान्य केला नाही. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये ज्यांची कारकीर्द गेली, त्यांच्यासाठी तर दरवाजा उघडायलाच १९७१ उजाडले. ओळखीचे वाटते ना?

पण एक फरक बघण्यासारखा आहे. व्हिटेकरवर अन्याय झाला हे आपल्याला कळते, कारण २.९ हा आकडा छापलेला आहे. बाँड्सची टक्केवारी दहा वर्षांत कशी चढत गेली, हे वर्षागणिक तपासता येते. पत्रकारांच्या मतदानात डावलल्या गेलेल्यांसाठी १६ जणांची वेगळी समिती आहे, तिथे १२ मते लागतात, आणि तो निकालही जाहीर होतो. चूक होते, पण चुकीचा माग राहतो. आपल्याकडे ना. घ. देशपांडे यांचे नाव कधी कोणी सुचवले होते का, हे शोधायचे ठरवले तर कुठे शोधणार?

परदेशातले उदाहरण लांबचे वाटत असेल तर आपल्याच तालुक्यातले घ्या. भेंडवळची घटमांडणी. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, १८ धान्ये गोलात ठेवतात, मध्ये पाण्याची घागर, पापड, करंजी, भजी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते आत-बाहेर गेले, ते पाहून पावसाचा आणि पिकांचा अंदाज सांगतात. त्याला विज्ञानाचा आधार नाही, आणि पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये असेच कोणीही कृषी अभ्यासक सांगेल. पण मांडणी लोकांदेखत होते, आणि अंदाज सांगताना कोणते दाणे कुठे सरकले हेही जमलेल्या शेतकऱ्यांना सांगितले जाते. भेंडवळमध्ये निष्कर्षाबरोबर कारण देतात. महामंडळाकडून तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

करता काय येईल?

जुनी निवडणूक परत आणा, असे काहीजण म्हणतात. आमच्या मते ती मागणी चुकीची आहे. ज्या निवडणुकीत मतदार संस्था ठरवतात ती लोकशाही नव्हती, तिला फक्त मतपत्रिका होती. ऑनलाइन मतदान सर्वांना खुले करा, ही दुसरी सूचना समाजमाध्यमांवर दिसते. डिजिटल विभागात काम करत असल्याने एवढे नक्की सांगता येईल की अशा मतदानात वाचक कमी आणि गट जास्त जिंकतात. आमच्याच पोर्टलवरच्या साध्या जनमत चाचणीत एका रात्रीत कौल कसा फिरतो, ते रोज दिसते.

बैठकीची पद्धत ठेवावी, पण तिची दारे उघडावीत. कोणत्या संस्थेने कोणती नावे सुचवली ते निवडीनंतर प्रसिद्ध व्हावे. ज्यांची नावे सुचवली जातील त्यांची आधी संमती घ्यावी, म्हणजे अपमानाचा प्रश्न येणार नाही. बैठकीत मतदान झाले तर आकडे द्यावेत. निवडलेल्या लेखकाच्या कामाबद्दल, कोणत्या पुस्तकांसाठी आणि कशासाठी ही निवड आहे, याचे एक पानभर निवेदन द्यावे. सत्काराची विशेषणे नकोत, कारणे हवीत. सुचवलेली नावे निदान पाच वर्षे विचारात राहावीत, दरवर्षी पाटी कोरी होऊ नये. आणि ज्याचे नाव चर्चेत आहे तो किंवा त्याचा निकटचा माणूस बैठकीत बसलेला असेल, तर त्याने बाहेर जावे. ग्रामपंचायतीच्या सभेतही ही अपेक्षा असते.

यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. बहुतेकांना घटनादुरुस्तीही लागू नये, ठराव पुरेल. महामंडळाचे कार्यालय २०२५ पासून तीन वर्षांसाठी पुण्यात, महाराष्ट्र साहित्य परिषदेकडे आहे, म्हणजे शंभराव्या संमेलनाच्या अध्यक्षाची निवड याच कार्यकाळात होणार. त्या बैठकीची तारीख जाहीर होईल तेव्हा विदर्भ साहित्य संघाच्या आपल्या भागातल्या सभासदांनी संघाला एक साधे पत्र लिहून विचारावे : यंदा आपल्याकडून कोणती नावे सुचवली?